हिरवळीवर लाल

चेंडू चार पावलांवर पडला होता आणि आप्पा त्याला ओलांडून पुढे गेले.

“मास्तर, कुटं निघालात? चेंडू मागं राहिला की!” महेश्वरकाका ओरडले. चादरीच्या कारखान्यात ते हिशेब बघत. निवृत्त झाल्यापासून त्यांचा आवाज वाढला होता.

आप्पा वळले. खाली बघत परत आले आणि पुन्हा चेंडूच्या बाजूने निघून गेले.

कीर्ती कडुलिंबाखाली आईशेजारी बसली होती. तिथून तिला चेंडू स्पष्ट दिसत होता. तिघांचे चेंडू तिनेच निवडून आणले होते. मऊ होते ते. हळू फटक्यालाही दबतात, म्हाताऱ्या मनगटाला हिसका बसत नाही. त्यांना चकाकी नव्हती, म्हणजे उन्हात डोळे दिपणार नव्हते. चेंडूंच्या डब्यातला हिरवा तिने तसाच ठेवला होता, तो गवतात हरवला असता. कारखान्याच्या मालकांना पिवळा दिला, काकांना निळा, आणि लाल मुद्दाम वडिलांना. हिरव्यावर लालाइतकं काही उठून दिसत नाही, हे ती कॉलेजात शिकवत असे. शिवाय आप्पा कारखान्याचे रंगमास्तर होते. त्यांच्यासारखा लाल साऱ्या सोलापुरात कुणाला जमला नाही, असं लोक अजून म्हणत.

“ऱ्हाऊ द्या हो,” मालक गुरुसिद्धप्पा म्हणाले. त्यांनी मंद्रूपच्या रस्त्याला शेताचा एक तुकडा हिरवा केला होता आणि रविवारी कारखान्यातल्या जुन्या माणसांना ते गोल्फ खेळायला बोलवत. “मास्तर, उद्या येताय न्हवं? नवी पोरं वाट बघायलीत. मशीन आणलंय खरं, पण रंगाची शेड जुळवणं तुमीच शिकवायचं. तुमच्यासाठी खुर्ची टाकून ठेवलीय.”

“येतो की, मालक.” आप्पांचा चेहरा खुलला. सकाळपासून ते याच बोलावण्याची वाट बघत होते. नजर मात्र गवतातच फिरत होती.

कीर्ती उठून त्यांच्याजवळ गेली. “आप्पा, समोरच आहे. लाल.”

आप्पांनी खाली पाहिलं नाही. त्यांनी लिंबाखाली, आईकडे पाहिलं.

ही नजर तिच्या ओळखीची होती. मंडईत टोमॅटो घेताना, सणाला सदरा निवडताना आप्पा आईकडे असेच बघत. आजवर तिला ते प्रेम वाटत आलं होतं.

मग तिने प्रयोगशाळेत केलं असतं तेच केलं. गवतातून लाल चेंडू उचलला, चेंडूंच्या डब्यातून हिरवा घेतला आणि दोन तळहातांवर दोन्ही चेंडू आप्पांसमोर उन्हात धरले.

“यातला लाल कोणता?”

प्रश्न विचारून झाल्यावर तिला तो ऐकू आला.

“काय गं पोरी, रंगमास्तराला रंग विचारतीस व्हय?” महेश्वरकाका हसले. “उद्या विणकराला धागा दाखवशील!”

आप्पा हसले नाहीत. त्यांचा हात वर आला आणि दोन्ही चेंडूंच्या मधे थांबला. चेंडू एकाच मापाचे होते, एकाच वजनाचे, सारखेच बिनचकाकीचे. तिनेच तसे निवडले होते.

लिंबाखाली आईने मांडीवरची जेवणाच्या डब्याची पिशवी उचलून उजव्या बाजूला ठेवली.

आप्पांचा हात त्याच बाजूला गेला. “ह्यो लाल.”

उत्तर बरोबर होतं. काकांनी टाळी वाजवली. मालकांनी वाजवली नाही. ते चेंडूंकडे बघतच नव्हते, आईकडे बघत होते.

“मीनाबाई,” ते सावकाश म्हणाले, “तुमी रोज डबा घेऊन कारखान्यात यायचा.”

“व्हय.”

“दुपारी.”

“व्हय.”

“गडी पाठवतो म्हणलं तरी ऐकायचा न्हाई. आणि रंगाचे नमुने बी दुपारीच पास व्हायचे. मास्तर म्हणायचे, रंग कसा, डोक्यावरच्या उन्हातच बघावा.”

 आईने पदर सारखा केला.

महेश्वरकाकांचं हसू अर्धंच राहिलं. कीर्तीने हात खाली घेतले. तिला चेंडू कुठे ठेवावेत ते कळेना.

“मालक,” आप्पा म्हणाले, “एक बी चादर परत आली न्हाई.”

“न्हाई की.”

“एक बी न्हाई.”

“मी कुटं म्हणतो आली म्हणून?”

आप्पांनी हातातली गोल्फची काठी गवतावर आडवी ठेवली, कुणाच्या पायात येणार नाही अशी. “उद्या मी येत न्हाई.”

मालकांनी ‘या’ म्हटलं नाही, ‘नको’ही म्हटलं नाही. वाकून स्वतःचा पिवळा चेंडू उचलला आणि खिशात घातला.

“आप्पा, मला...” कीर्ती म्हणाली. 

“तुजं काय चुकलं न्हाई,” आप्पा म्हणाले. “बरोबर विचारलीस.”

ते लिंबाखाली जाऊन बसले. आईने डबा उघडला, शेंगाचटणी भाकरीवर घातली आणि भाकरी त्यांच्या हातात दिली. दोघं एकमेकांकडे न बघता जेवू लागले.

लाल चेंडू कीर्तीच्या हातातून केव्हा निसटला होता, तिला कळलं नव्हतं. तो उताराने थोडा गेला आणि हिरवळीच्या मधोमध थांबला. तो आणायला कुणी उठलं नाही. ती आईच्या पलीकडे जाऊन बसली. मग झाडाच्या आडोशाला सरकली. कुठेही बसली तरी तो तिला दिसत होता.