उजव्या दंडात

"सही पाहिजे तं आधी ही बाई घरी बसली पाहिजे," किशोरने कागद परत वकिलाकडे ढकलला.

सेलूतल्या त्या खाजगी दवाखान्याच्या मागच्या खोलीत मोहिनी सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. दवाखान्याचे वकील अण्णाजी तिच्याकडे न बघताच म्हणाले, "मान्य. मेघाच्या कानाच्या ऑपरेशनचा नागपूरचा सगळा खर्च दवाखाना करेल. सिस्टर उद्यापासून कामावर नाही. तुम्ही ग्राहक मंचातला दावा मागे घ्यायचा."

किशोरची दोन वर्षांची मुलगी मेघा आईच्या मांडीवरून वकिलाचा पेन ओढत होती.

"मेघा, नको," मयुरी म्हणाली. मग जीभ चावून तिने मुलीचा हात धरला.

"नऊ महिन्यांची होती जी," सुमित्राबाईंनी पुन्हा सुरू केलं. "सून आत घेऊन गेली, मी भायेर बाकावर. पोरगी हूं का चूं नाई! म्या म्हटलं, सुई टोचली तरी रडत नाई, वाघीण हाय माही नात. अन् बाराव्या दिवशी अंगभर गोवर, ताप. कानच गेले."

"लसीनंच गोवर देल्ला," किशोर म्हणाला. "काऊन वो सिस्टर, मूग गिळून बसल्या का?"

मोहिनीने मयुरीकडे पाहिलं. "ताई, तुमीच सांगा ना."

"मी काय सांगू?" मयुरी कडाडली. "तुह्या हातात होतं सगळं! तुही पोरं हाक मारली की धावत येतात ना? मह्या पोरीच्या मागं ताट वाजवलं तरी वळून पाहत नाई ती!"



अण्णाजींनी घसा खाकरला आणि वाचलं, "'बालिकेला उजव्या दंडात गोवराची लस टोचण्यात आली, हे दोन्ही पक्षांस मान्य आहे.' इथे मयुरीताई, इथे सिस्टर."

मयुरीने इतक्या जोरात सही केली की कागद फाटला.

मोहिनी पेन धरून तशीच उभी. "साहेब, घरात कमावणारी मी एकटीच हाय."

"सही कर," किशोर ओरडला. "नाई तं आत्ताच पोलिसात जातो!"

तिने सही केली.

दोघं पुरुष झेरॉक्स काढायला गेले. सुमित्राबाई नातीला कडेवर घेऊन बाहेर पडल्या. मयुरी मात्र दारापर्यंत जाऊन थांबली. दार आतून लावलं आणि मोहिनीसमोर येऊन उभी राहिली.

"मी पहिलटकरीण, मोबाइलवर काहीबाही वाचून भेदरलेली. पण तू तं नर्स होती ना? मी हात जोडले म्हणून ती भरलेली सुई बेसिनात रिकामी केली काऊन?"