प्रमुख पाहुण्यांचं भाषण

मराठीत एम.ए. होऊन हेमांगी दोन वर्षं घरी बसली होती. तरीही अप्पांच्या मागे लागून धाकट्या आश्लेषाला बी.ए.ला मराठी घ्यायची परवानगी तिनंच मिळवून दिली होती.

त्याच आठवड्यात अंबडला वर्कशॉप असलेले पिंगळेकाका आले. गंगापूर रोडच्या त्यांच्या कॉलनीत बारावीच्या मुलांचा सत्कार होता आणि काका प्रमुख पाहुणे.

"साहित्य शिकून पोट भरत नाही, असं ठणकावून सांगायचंय. दोन पानं खरडून दे. कुणाला सांगू नकोस. शाळेत नोकरीसाठी तुझ्याकरता शब्द टाकतो."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी हवी होती. दात-ओठ खात ती लिहायला बसली, आणि बसल्यावर वाईट लिहिणं काही तिला जमेना.

रविवारी सत्कारात काकांचं भाषण झालं आणि टाळ्या थांबता थांबेनात. अप्पा डोळे पुसतच घरी आले.

"आश्लेषा, मराठी-बिराठी काही नाही. उद्याच्या उद्या कॉमर्सचा फॉर्म आण."

मग ते हेमांगीकडे वळले.

"दहावी नापास माणूस, पण काय बोलला! आणि तू एवढी एम.ए. झालीस, तुला असं एक वाक्य तरी सुचलं का कधी?"