बाहेरून कडी

आमच्या घरात दारांना कड्याच नाहीत. न्हाणीघरात कोणी असलं की त्याने मोठ्याने गाणं म्हणायचं, ही पणजीची शिस्त. शिलाईच्या कारखान्याला आग लागली तेव्हा ती आत कोंडली गेली होती. कोण्या बाईने ऐनवेळी दार उघडलं म्हणून वाचली, असं आई सांगते. पणजीला मी पाहिलंही नाही, पण बंद दार दिसलं की मी आधी ते उघडते.

पणजीचं नाव शोधायला गेले तेव्हा कारखान्याच्या दप्तरखान्यातही मी दारात चप्पल अडकवूनच बसले. हजेरीपुस्तकाप्रमाणे आगीच्या दिवशी शिलाईच्या खोलीत एकोणीस बायका होत्या. एकोणीस जणींच्या नावापुढे ‘मयत’. पणजी त्यांत नव्हती.

"वाचलेल्यांची यादी कुठेय, काका?"

"आतलं कोणी वाचलं नाही, ताई," म्हातारे कारकून म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. "या बघा तुमच्या पणजी. दारावर होत्या."

अंगठ्याच्या ठशाशेजारी तिचं काम लिहिलेलं होतं: ‘घंटा झाली की बाहेरून कडी लावणे. सुट्टीच्या घंटेआधी न काढणे.’

मागे चप्पल सरकली आणि दार लागलं. तेवढ्यात आईचा फोन आला.

"सापडली का गं? आणि ते दार उघडणाऱ्या बाईचंही नाव बघ हं. तिच्या घरच्यांच्या पाया पडून यावं म्हणते."