हाव

प्रवेश-अपिलाच्या रांगेत मंदा ठवरे तिसऱ्यांदा उभी होती. पाय भरून आले होते. पहिलीच्या प्रवेशासाठी यंत्राने तिच्या रेवतीची मुलाखत घेतली होती. शिकायला आवडतं का, मुलांत मिसळशील का, असे नऊ प्रश्न. भंडाऱ्याची पोर ती, नऊही वेळा मान डोलावून म्हणाली, "हाव." निकाल आला: 'स्वभाव हावरट. प्रवेश नाही.'

"साहेब, आमच्याकडे 'हो'ले 'हाव' म्हणतेत," मंदाने कारकुनाला सांगून पाहिलं होतं.

"मला कळतं हो ताई. पण निकाल यंत्रच बदलतं. आणि ते फक्त 'होय' किंवा 'नाही' ऐकतं."

म्हणून आज ती घरापासून 'होय, होय' घोकत आली होती. चार तासांनी यंत्रापुढे नंबर लागला.

"अर्जदार मुलीची आई?"

"होय."

"मुलगी हावरट नाही, असं म्हणणं आहे?"

"होय."

"फार वेळ उभ्या आहात," यंत्र मऊ आवाजात म्हणालं. "दमलात का?"

इतक्या खेपांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मंदाचे डोळे भरून आले.

"हाव," ती म्हणाली.

खालच्या फटीतून कागद सरकला: 'अपील फेटाळले. दोष आनुवंशिक.'