नावाची घागर

टँकरपुढच्या रांगेत तोंडाशी सगळ्या घागरी अण्णाराव सावकाराच्या होत्या. त्याच्या म्हणजे गावाच्याच, त्याच्याकडे गहाण पडलेल्या. असल्या दुष्काळात लोकांकडे ठेवायला दुसरं होतं तरी काय?

टँकरच्या दारावरचं उस्मानाबाद खोडून नुकतंच 'जिल्हा लातूर' रंगवलं होतं. नळी धरणाऱ्याने नियमही नवाच आणला. कुणी दोनदा भरू नये म्हणून घागरीवर कोरलेलं नाव वाचायचं आणि एका नावाला एकच घागर द्यायची. सावकाराचं फावलं. त्याच्या प्रत्येक घागरीवर नाव निराळं होतं.

"कोंडाबाई व्यंकटी," नळीवाल्याने वाचलं आणि घागर भरली.

मागून पत्र्याचा डबा घेऊन कोंडाबाई पुढे आली. घरी तिची सून पंचशीला बाळंत होऊन पडली होती आणि माठात थेंब नव्हता.

"ती कोंडाबाई मी हाय. डब्यात ओता."

"कोंडाबाईचं भरलं. सरका."

ती सावकाराकडे वळली. "मालक, घागर ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पानी तर माझ्या नावाचं हाय."

"घागर माझ्याकडं, तर पानी बी माझ्याकडं," अण्णाराव पान चघळत म्हणाला.

गाव त्याला पाठीमागे रोहिला म्हणायचं. निजामाच्या राज्यात दाढीवाले रोहिले व्याजाने पैसे देत हिंडायचे. ते गेले, पण गहाण घेणाऱ्या कुणालाही ते नाव चिकटून राहिलं. अण्णाराव तर रोज गुळगुळीत दाढी करायचा.

कोंडाबाई वाकली आणि घागरीत हात घालून ओंजळभर पाणी तिथंच प्यायली. बौद्धवाड्यातल्या बाईचा हात लागलेलं पाणी सावकाराच्या घरात जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पितळ चिंचेने घासून घेतलं की त्याला कुणाचंही चालायचं. पाणी घासता येत नाही.

"लोक तुमाला रोहिला म्हनतेत," ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याच्या दारात रोहिला वसुलीला बसायचा. पर आमच्या हातचं पानी पिऊन बसायचा. आता ही घागर मलाच न्यावी लागंल."

तिने घागरीच्या काठाला हात घातला.

अण्णारावने तिच्या ओल्या बोटांकडे पाहून पिंक टाकली. त्याला तिची शिसारी आली होती, आणि रांगेला त्याची.

"उचल रे," तो गड्याला म्हणाला. "म्हशीला होईल."