अध्यक्षांचे गुडघे

"फेकायचं नाही. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचं. तान्हं बाळ देतात तसं," ग्रंथपाल बाईंनी बजावलं आणि सहावीचा वर्ग जिन्यात रांगेनं उभा राहिला, तिसऱ्या मजल्यावरच्या वाचनालयापासून थेट तळमजल्याच्या सभागृहापर्यंत.

"बाई, हे बाळ फार जाड आहे," मधल्या वळणावरून कुणीतरी ओरडलं.

"शब्दकोश आहे तो. मान धर त्याची."

हीच पोरं पहिल्यांदा वर आली तेव्हा वाचनालय म्हणजे पंख्याखाली डुलकी काढायची जागा, अशी त्यांची समजूत होती. शिक्षकांकडे पाहून झालेली. एकानं तर आल्या आल्या विचारलं होतं, "यातलं सगळ्यात पातळ पुस्तक कुठलं?" बाईंनी न रागावता काढून दिलं. ते पाच भागांतलं पहिलं होतं, हे त्या बिचाऱ्याला नंतर कळलं. तोवर तो तिसऱ्यावर पोचला होता.

बाईंची पद्धत साधी होती. प्रत्येकाला एक कप्पा. तो रिकामा करायचा, पुसायचा आणि पुस्तकं पुन्हा जागच्या जागी लावायची. चुकलं की पहिल्यापासून. पुस्तकाशी ओळख करून घ्यायची तर आधी त्याचं घर पाहावं, असं बाई म्हणत. आता भिंगरी नावानं ओळखली जाणारी, एका जागी कधी न टिकणारी मुलगीसुद्धा डोळे मिटून आपल्या कप्प्यातलं हवं ते पुस्तक काढून देई.

आजची कल्पना मात्र मुख्याध्यापकांची.

मुख्याध्यापक याच शाळेत शिकलेले. मैदानावर मार खायचे, म्हणून मधली सुट्टी वाचनालयाच्या कोपऱ्यात काढायचे. बाई त्यांच्या हातात किल्ली देत आणि स्वतः डबा खायला जात. पहिला कप्पा त्यांनीच लावला होता. चारचौघांत बाई त्यांना सर म्हणत. एकटे असले की "अरे".

वाचनालयाच्या खोलीवर संस्थेचा डोळा होता. वारा उत्तम, उजेड उत्तम, खिडकीतून झाडं दिसतात. एवढं सगळं पुस्तकांवर वाया जातंय, असं त्यांचं म्हणणं. मागच्या वर्षी दोन हमाल आलेही होते. बाई आतून कडी लावून, किल्ली मुठीत धरून बसून राहिल्या. हमालांनी दाराच्या फटीतून कपाटं पाहिली, जिना पाहिला आणि हात टेकले.

"बाई, शनिवारी अध्यक्ष येताहेत," मुख्याध्यापक म्हणाले होते. "पोरांना वाचनालय असं तोंडपाठ आहे, हे एकदा त्यांनी पाहिलं ना, की खोलीला हात लावायची कुणाची छाती होणार नाही."

"मग येऊ देत की वर."

"गुडघे हो त्यांचे! जिना म्हटलं की घाम फुटतो माणसाला. आपणच वाचनालय खाली नेऊ. एकेका पोराचा एकेक कप्पा. तुम्ही मला शिकवलं होतंत तसं."

शेवटच्या वाक्याला बाई विरघळल्या. "अरे, पण तेवढं सगळं परत वर?"

"पोरं आहेत ना तुमची."

आणि पोरं खरंच होती. डबा खायच्या सुट्टीपर्यंत वरचे कप्पे रिकामे झाले. खाली प्रत्येकानं आपला कप्पा आपल्या खोक्यात ओळीनं भरला. भिंगरीनं खोक्यावर भिंगरीच काढली.

"बाई, परत लावताना पहिली मी हं! माझा कप्पा सगळ्यात वरचा आहे."

"आधी अध्यक्षांसमोर नीट बोल. मग बघू."

मुख्याध्यापक खोक्यांना सुतळी बांधत होते. धूळ बसायला नको म्हणून. बाह्या सरसावलेल्या, कपाळावर घाम. बाईंना तो कोपऱ्यातला मुलगा आठवला आणि उगाच भरून आलं.

"बाई, किल्ली द्या. मी कुलूप घालून येतो. तुम्ही कशाला पुन्हा चढता?"

मागच्या वर्षी संस्थेला न दिलेली किल्ली बाईंनी त्यांच्या तळहातावर ठेवली. पूर्वी मधल्या सुट्टीत ठेवत, तशीच.

अंगणात एक टेम्पो मागे येत होता. पाहुण्यांसाठी खुर्च्या आल्या असतील, असं बाईंना वाटलं. बघायला गेल्या तर सगळंच धुरकट. चष्मा वरच राहिला होता. पोरं अध्यक्षांसमोर बोलणार आणि आपल्याला त्यांचे चेहरे दिसणार नाहीत म्हणजे काय! त्या कठडा धरून निघाल्या. त्यांचेही गुडघे काही तरुण नव्हते. दर वळणावर थांबत त्या वर पोचल्या.

दार उघडं होतं.

रिकाम्या कप्प्यांसमोर एक गृहस्थ मोजपट्टी धरून सुताराला सांगत होते, "हे सगळं उखडायचं. सोफा खिडकीपाशी." बाईंना पाहून त्यांनी टेबलावरचा चष्मा अदबीनं पुढे केला. "तुमचा वाटतं?"

बाईंनी चष्मा लावला. समोर अध्यक्ष होते. कार्यालयातल्या फोटोत होते तसेच, हसतमुख. खिडकीतून खालचं अंगण दिसत होतं. पोरांची साखळी आता सभागृहातून टेम्पोपर्यंत गेली होती. "मान धरा रे, मान!" भिंगरी ओरडत होती. साखळीच्या टोकाला, टेम्पोत उभे राहून, मुख्याध्यापक एकेक खोकं हातात घेत होते. तान्हं बाळ घेतात तसं.

"जिना चढून आलात?" बाईंनी विचारलं. "तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" अध्यक्ष मोकळेपणानं हसले. "रोज सकाळी टेकडी चढतो मी."