शेवटच्या कडव्यातलं नाव

"पंखा बंद करतो, भाऊ. टेपात त्याचाच आवाज येते," सैफुद्दीन म्हणाला आणि भर दुपारी त्यानं दुकानाचं दारही ओढून घेतलं.

कामरगावात लाऊडस्पीकर भाड्यानं देणारं दुकान त्याचं एकट्याचं. उद्याच्या जयंतीचे सगळे भोंगे त्याचेच होते. कुवेतच्या भावानं पाठवलेली रेकॉर्डिंगची टेप हाती आल्यापासून त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं की मिरवणुकीआधी देवमनची गाणी देवमनच्याच आवाजात वाजवायची. गाणी बांधायची देवमननं आणि गाजवायची पुंजाजीच्या गाण्याच्या पार्टीनं, हे वर्षानुवर्षं चाललेलं. शेवटच्या कडव्यात नाव यायचं ते गाणाऱ्याचं. पार्ट्यांची रीतच तशी. उद्या मात्र गावाला देवमनचं नाव ऐकवायचं होतं.

देवमनला त्या कोंदट खोलीत बसवेना. खुर्चीवर टेकला, उठला, टोपी काढली, पुन्हा घातली. त्याची बायको दुर्गाबाई भिंतीला पाठ लावून खाली बसली होती. तिनं आणलेला पाण्याचा तांब्या त्यानं केव्हाच रिकामा केला होता.

"बसा ना एका जागी. पायाले चटके बसून राह्यले का?" ती म्हणाली.

सैफुद्दीननं टेपची दोन बटणं एकदम दाबली. देवमन उभ्यानंच गायला. आवाज थोडा फाटला होता, पण गाणं घरचं होतं आणि ते ऐकताना कळत होतं. शेवटच्या कडव्याला त्यानं डोळे मिटले. सैफुद्दीनची मान डोलू लागली, दुर्गाबाईनं मांडीवर ठेका धरला. गाणं संपलं तेव्हा तिघंही खूश होते.

मग सैफुद्दीननं टेप मागे नेऊन लावली.

"उजेडाची वाट दावे पुंजाजीऽऽ," देवमनचाच आवाज म्हणाला.

देवमननं टेपकडे पाहिलं. तिनं चारचौघांत चहाडी केली असावी, तसा.

"मले बी समजलं नाही, भाऊ," सैफुद्दीन ओशाळून म्हणाला. "इतके साल तसंच आयकून राह्यलो ना."

"पुन्हा लाव."

या खेपेला देवमननं नाव बरोबर घेतलं आणि गाणं तिथंच पडलं. 'पुंजाजी'तली 'जी' हवी तेवढी ताणता येते, मागचे कोरसवाले ती वरच्यावर झेलतात. 'देवमन' म्हटलं की तोंड मिटतं. त्यानं नाव आधी घालून पाहिलं, नंतर घालून पाहिलं. दुसरं गाणं घेतलं, तिसरं घेतलं. सगळीकडे तेच.

"सगळे सदरे त्याच्याच मापाचे शिवले म्या," तो म्हणाला.

त्याला राग आला होता आणि तो काढायला माणूस सापडत नव्हता. पुंजाजीनं काही चोरलं नव्हतं. यानंच हौसेनं त्याचं नाव बसवून बसवून दिलं होतं. तो दाराकडे गेला, परत आला, पुन्हा गेला.

"उघड थे दार, सैफू. पुंजाजी येऊन राह्यला ना उद्या, तोच म्हनीन. मायं नाव नाही आलं तं काय गाव बुडते?"

"थे निंदनाचं गानं म्हना," दुर्गाबाई खालूनच म्हणाली.

"कोनतं?"

"पुंजाजीभाऊनं वापस केलं थे. मिरवणुकीत शोभत नाही म्हने."

देवमन थांबला. पहिली ओळ त्यानं गुणगुणली आणि पुढे त्याला काही आठवेना. "मले नाही येत आता."

"मले येते. आमी बाया वावरात निंदाले जातो तवा तेच म्हनतो."

"त्यात नाव कोनाचं हाय?" सैफुद्दीननं विचारलं.

"कोनाचं राहीन? पुंजाजीभाऊचं नाव बसवाच्या आंधीच वापस आलं, तं बांधनाऱ्याचंच राह्यलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पन मी थे नाव घेत नाही. तिथं 'घरधनी' म्हनतो. मंग बाया हासतेत."

लग्नापासून तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात मालकाचं नाव विचारलं, की ती शेजारणीकडे बोट करायची.

 सैफुद्दीननं बटणं दाबली आणि टेप उचलून तिच्यासमोर जमिनीवर ठेवली.

दुर्गाबाई फरशीकडे बघत गाऊ लागली. बारीक आवाज, ना ठेका, ना ताण. खुरप्याच्या चालीनं ओळी पुढे सरकत होत्या. देवमनच्या येरझाऱ्या थांबल्या. हे आपणच कधीतरी बांधलं, हे त्याला ऐकता ऐकता आठवलं.

शेवटच्या कडव्याशी ती अडली. टेप फिरतच होती. सैफुद्दीननं हात बटणाकडे नेला, तशी देवमननं मान हलवली.

"रान निंदता निंदता, दिस कलला गं माय," तिनं ओळ पुन्हा मागून घेतली, "देवमन म्हने, माही सावली तुह्यासंगं हाय."

नाव ओळीच्या तोंडाशीच होतं. कुठंही अडलं नाही.

सैफुद्दीननं टेप मागे नेली आणि लावली. मशीनमधून स्वतःच्या आवाजात नवऱ्याचं नाव आलं, तसा दुर्गाबाईनं पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

"हे लागन उद्या?" देवमननं विचारलं. "पुंजाजी बी आयकीन."

"सगळ्या भोंग्यांवर लावतो," सैफुद्दीन म्हणाला.

 मग पदराच्या आतून दुर्गाबाई म्हणाली,

"आवाज मोठा ठेवजो, सैफूभाऊ."